नाही म्हणणाऱ्यांचे पाच ठोके

हे घडलं तेव्हा रात्र नव्हती.

रविवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. अंगणात ऊन होतं आणि शेजारच्या घरी तुरीच्या शेंगा शिजल्याचा वास येत होता. केनवडच्या आमच्या घरात, पुढच्या बैठकीत आम्ही चौघं होतो. मी, आई, माझा मोठा भाऊ संघपालदादा आणि नानाजीकाका.

काका आता म्हणतात, काहीच झालं नाही.

पण त्या दिवसानंतर ते आमच्या बैठकीत आलेले नाहीत.

मी अकोल्याला एका कॉलेजात ग्रंथपाल आहे. भुतांची पुस्तकं मी कपाटात लावते, त्यांवर विश्वास ठेवत नाही. आमच्या बौद्ध घरात भूत, भानामती, अंगात येणं यांना थारा नव्हता. बाबांनी ते कधी चालूच दिलं नाही.

तरीही जे ऐकलं, ते ऐकलं.

आधी शेवटचा साधा दिवस सांगते.

डिसेंबरातला गुरुवार. चुलतभाऊ पवनच्या लग्नासाठी मी दहा दिवस आधीच आले होते. माझे बाबा, म्हणजे देवमन मास्तर, टीव्हीसमोर बसून तुरीच्या शेंगा सोलत होते. पस्तीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवून निवृत्त झालेला माणूस. संसदेचं अधिवेशन सुरू असलं की अकराच्या ठोक्याला टीव्ही लागायचा. सभागृह अकराला बसतं, म्हणून बाबाही अकराला बसायचे.

पडद्यावर आरडाओरडा चालला होता. त्यातच एक विधेयक मंजूर झालं.

"पाह्य, दीपा," बाबा म्हणाले. "बिल पास झालं. माही एक शेंग सोलून नाई झाली."

"एवढा गोंधळ आहे बाबा. ते तरी काय करतील?"

"गोंधळ होऊ दे ना. 'नाही म्हणणारे' असं इचारलं, आन् श्वाससुदा घेतला नाई. इचारलं त थांबा लागते. थांबले नाई म्हंजे इचारलंच नाई."

किडकी शेंग टाकावी तसा त्यांनी रिमोट बाजूला टाकला.

बाबांच्या वर्गात दर शनिवारी संसद भरायची. डावीकडे विरोधक, उजवीकडे सरकार, आणि अध्यक्ष ते स्वतः. नियम कडक होते. अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्यानं बोलणं तोडून खाली बसायचं. मतदान आवाजी. आधी होय म्हणणारे, मग नाही म्हणणारे. 'नाही' विचारून झालं की बाबा गप्प राहायचे आणि वाकवलेल्या बोटानं टेबलावर पाच ठोके द्यायचे.

टक... टक... टक... टक... टक.

"हे पाच ठोके नाही म्हणणाऱ्यांच्या मालकीचे," ते म्हणायचे. "अध्यक्षाचेसुद्धा नाहीत. भिक्खूसंघात तर एकच प्रस्ताव तीन तीनदा विचारत. तिसऱ्यांदाही कोणी बोललं नाही, तरच मौन म्हणजे होकार."

सातवीत असताना एका प्रस्तावाला माझा विरोध होता. पाचही ठोके गेले. माझं तोंड उघडलं नाही.

घरी येताना बाबा म्हणाले, "तुहं नाही तुह्या डोळ्यात दिसत होतं. पण पोरी, कामकाजात डोळ्यायची नोंद होत नाई. आवाज लागते."

शुक्रवारी सकाळी बाबांना लकवा मारला.

उजवी बाजू गेली. वाचा गेली. वाशीमच्या एका खासगी दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणाले, लगेच काही सांगता येणार नाही, पण धोका उतरू शकतो. आठ-दहा दिवस इथंच राहू द्या.

रविवारी काका आले. बाबांचे धाकटे भाऊ, पवनचे वडील, पाच वर्षं गावचे सरपंच राहिलेले. हातात कचोरीचा कागद होता. बाबांच्या पलंगाजवळ उभं राहून त्यांनी कचोरी खाल्ली. चटणी बोटांवरून ओघळत होती, ते ती चाटत होते.

"आठ-दहा दिवस म्हंजे लगीन मंधात आलं," काका म्हणाले. "अर्धी मानसं इथं आन् अर्धी मांडवात. त्यापक्षा भाऊले घरी नेऊ. जे होईन ते लवकर होऊन जाऊ द्या. काय म्हनतं संघपाल?"

दादानं मान खाली घातली. "तुमी म्हनसान तसं."

आई पदरात तोंड घालून बसली होती. तिला कोणी विचारलंच नाही.

"सगळ्यायचं एकच मत हाय ना? झालं मंग. सर्वानुमते."

सरपंच असताना त्यांचा प्रत्येक ठराव सर्वानुमतेच व्हायचा.

फॉर्म आला. 'आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर रुग्णास घरी नेत आहोत.' दादानं सही केली. काकांनी कागद घडी करायला घेतला, तर त्यावर त्यांच्या बोटांचे तेलकट ठसे उमटले. मला ते ठसे अजून दिसतात. चार बोटं आणि एक अंगठा.

त्या खोलीत आणखी एक गोष्ट घडली होती. ती मी कोणालाच सांगितली नाही. इथं शेवटी सांगते.

बाबा सोमवारी रात्री घरीच वारले.

लग्न ठरल्या दिवशीच झालं. आमच्यात मुहूर्त पाहत नाहीत. तारीख पुढं ढकलता आली असती. ढकलली नाही. डीजे फक्त जरा कमी आवाजात वाजवला, हे काका पाहुण्यांना मोठ्या कौतुकानं सांगत होते.

त्यानंतरचा रविवार म्हणजे मी सुरुवातीला सांगितला तो.

काका आले ते ठरवूनच आले होते. बैठकीत बाबांची हातांची लाकडी खुर्ची आणि समोर टेबल तसंच होतं. टेबलाकडे पाठ करून काका उभे राहिले. त्यांना उभं राहून बोलायची सवय.

"वहिनी, तुमी आता वाशीमले संघपालकडं राहा. पवन आन् सूनबाई इथं येतीन. घराले दिवाबत्ती राहीन. बरोबर हाय ना संघपाल?"

दादा दाराशी उभा होता. त्यानं पुन्हा मान खाली घातली.

आई माझ्याकडे पाहत होती. मी फरशीकडे पाहत होते.

"सगळ्यायचं एकच मत हाय ना? झालं मं..."

टक.

काका थांबले.

टक... टक... टक... टक.

टेबलामागं, खुर्चीत कोणी नव्हतं.

"उंदीर असन," काका हसत म्हणाले. पण त्यांनी मागं वळून पाहिलं नाही. "त मी काय म्हनत होतो..."

तेवढ्यात खुर्ची कुरकुरली.

बाबा उठताना दोन्ही हातांवर भार द्यायचे, तेव्हा ती जशी कुरकुरायची, अगदी तशी. आधी डावा हात. मग उजवा. मग भार निघून गेल्याचा तो लाकडाचा सुस्कारा...

आणि काका बसले.

त्यांचं वाक्य अर्धं तोंडातच राहिलं. ते दिवाणवर टेकले होते. दाराशी दादा उंबऱ्यावर बसला. कोणी कोणाला बसा म्हटलं नव्हतं. मी तर आधीपासून बसलेली होते, तरी खांद्यांवर काहीतरी टेकल्यासारखं झालं.

बाहेर कोंबड्या होत्या. त्यांचाही आवाज येईना.

टक... टक... टक... टक... टक.

ही दुसरी वेळ.

काकांच्या कपाळावर घाम होता. ओठ हलत होते, शब्द फुटत नव्हते.

मला कळलं होतं. तीनदा विचारतात. मगच मौनाचा अर्थ होकार.

टक...

टक...

टक...

टक...

"नाही!" मी ओरडले. "आई कुठंही जाणार नाही."

पाचवा ठोका पडला नाही.

आईनं तोंडावरचा पदर काढला. "मी नाईच जात. मले इचारलं कोनी आतालोक?"

काका चहा न पिता निघाले. पुढं त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पायाले मुंग्या आल्या होत्या. मात्र परवा फोनवर दादानं हळूच विचारलं, "दीपा, ते खुर्ची... तूबी आयकली ना?"

मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मी चहाचे कप विसळत होते. अधिवेशन कधीच संपलं होतं. टीव्हीचा प्लगसुद्धा काढून ठेवलेला होता.

टक... टक... टक... टक... टक.

तिसऱ्या दिवशीही. चौथ्याही. प्रत्येक वेळी तीनदा.

आई सूप खाली ठेवून म्हणाली, "आता काय रायलं त्यायचं? मी त हावो इथंच."

काय राहिलं ते मला ठाऊक होतं.

दवाखान्यातली गोष्ट ती ही.

काका 'सर्वानुमते' म्हणाले, तेव्हा बाबा शुद्धीवर होते. त्यांना सगळं ऐकू येत होतं. त्यांचे डोळे माझ्यावर होते. आणि त्यांचा डावा हात, चालणारा तो एकच हात, पलंगाच्या लोखंडी कठड्यावर होता. बोट वाकवलेलं.

टक... टक... टक... टक... टक.

काकांना वाटलं, हात थरथरतो आहे. नर्सलाही तसंच वाटलं. त्या खोलीत फक्त मला माहीत होतं, की ते थांबले आहेत. माझ्यासाठी.

मी पाचही ठोके मोजले. आणि मी त्यांच्याकडे नुसतं डोळे भरून पाहत राहिले. डोळ्यांची नोंद होत नाही, हे ठाऊक असताना. काकांची मला किळस येते, हे खरं आहे. पण काकांनी निदान तोंड तरी उघडलं होतं.

बाबांनी दुसऱ्यांदा बोट उचललं, तेव्हा नर्सनं त्यांचा हात चादरीखाली घातला.

माझी रजा आज संपली. दुपारच्या गाडीनं मला अकोल्याला जायचं आहे. आई मागं वांग्यांना पाणी देत होती. अकराला पाच मिनिटं असताना मी बैठकीत गेले आणि दार लोटून घेतलं. खुर्ची टेबलापासून जरा मागं सरकलेली होती. ती मी सरकवली नव्हती.

पहिले पाच ठोके झाले.

दुसरे पाच झाले.

निकाल लागून गेलेल्या प्रस्तावावर पुन्हा मत घेता येतं का, हे मी बाबांना कधी विचारलं नाही. एकानं जरी निकालाला आव्हान दिलं, तरी प्रश्न पुन्हा मांडावा लागतो, एवढं मात्र त्यांनी शिकवलं होतं. मांडला, तर उत्तर कोण देणार? आणि उत्तर मिळाल्यावर तो आवाज जाईल, की जवळ येईल?

तिसऱ्यांदा पहिला ठोका पडला. मी उभी राहिले. मागच्या वांग्यांपर्यंत, आईला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलले.

"नाही. बाबांना घरी नेऊ नका."