फुकटच्या बोगद्याचा मालक

खारशेतच्या किनाऱ्यावर त्या आठवड्यात कासवांची तीन घरटी उकरली गेली, आणि तिन्ही जुईनेच शोधलेली होती. बाकीच्या मुलांनी शोधलेल्या अकरा घरट्यांना कुणी बोटही लावलं नव्हतं.

जुई तांडेल बारा वर्षांची. २०५८ सालच्या त्या हंगामात गावातली सहा मुलं कासवमित्र म्हणून काम करत होती. सकाळी वाळूवर कासविणीच्या सरपटण्याचा माग काढत घरट्यापर्यंत जायचं, माग पुसून टाकायचा आणि तिथेच उभं राहून घरट्याची नोंद फोनवरून संवर्धन केंद्राच्या संकेतस्थळावर करायची. जागेवर काठी नाही की झेंडा नाही. खूण ठेवली तर अंडीचोरांना आवतणच.

एका घरट्यात शंभराच्या वर अंडी असतात. तीन घरटी गेली म्हणजे किती पिल्लं गेली, हा हिशेब जुईला करवत नव्हता. त्यात इतर मुलं तिच्याकडे बघून कुजबुजू लागली होती.

केंद्राच्या प्रमुख डॉक्टर हसीना मुकादम यांच्यासमोर ती जाऊन उभी राहिली. "मॅडम, मी कुणालाच सांगितलं नाही. आईलासुद्धा नाही."

"ठाऊक आहे मला," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तीस वर्षं कासवांमागे घालवली होती, आणि घाईने निष्कर्ष काढायची सवय त्यांना नव्हती. "सगळे विचारतायत, कुणी सांगितलं. आपण विचारू, कशाने सांगितलं. चिंबोरीला घेऊन जा."

चिंबोरी म्हणजे केंद्राचा यंत्रमानव. त्यात मानवासारखं काहीच नव्हतं. परातीएवढी पाठ, सहा पाय आणि देठांवर बसवलेले दोन डोळे. खेकड्यासारखी तिरकी चालायची, म्हणून मुलांनी हे नाव ठेवलं होतं.

"बाकीच्यांपेक्षा तू वेगळं काय करतेस?" वाळूवर आल्यावर चिंबोरीने विचारलं.

जुईने पुष्कळ विचार केला. मग तिचा आवाज जरा खाली आला. "माझा व्हीपीएन वेगळा आहे."

किनाऱ्यावर नेट मिळायचं ते जेट्टीवरच्या वायफायचं, आणि ते सगळ्यांसाठी खुलं होतं. म्हणून केंद्राने प्रत्येकाच्या फोनवर व्हीपीएन (आभासी खाजगी जाळं) घालून दिला होता. पण तो फार रेंगाळायचा. एक फोटो चढायला पाच मिनिटं. कंटाळून जुईने ‘वायुवेग’ नावाची फुकट सेवा उतरवून घेतली होती. फोटो डोळ्याचं पातं लवायच्या आत जायचे.

"व्हीपीएन काय करतो, सांग बरं."

"माहिती लपवतो."

"कुणापासून?"

चिंबोरी खाली बसली आणि पायाच्या टोकाने वाळूत एक लांब चर काढू लागली.

"हा बोगदा समज. इकडे तुझा फोन, तिकडे व्हीपीएनवाल्यांचा सर्व्हर (निरोप पुढे पोचवणारा संगणक). मधल्या वाटेवर तुझा निरोप कूटबद्ध (किल्लीशिवाय वाचता न येणारा) असतो. जेट्टीवर बसलेल्या कुणालाही तो कळत नाही. पण बोगद्याच्या त्या टोकाला कोण बसलंय?"

"व्हीपीएनवाले."

"तू कुठल्या संकेतस्थळावर चाललीस, हे त्यांना दिसतं. घरट्याची माहिती त्यांना वाचता येत नाही, कारण केंद्राच्या संकेतस्थळाचं स्वतःचं वेगळं कुलूप आहे. म्हणजे व्हीपीएनने गुपित संपत नाही. जेट्टीवरच्यांवर ठेवायचा विश्वास आपण उचलतो आणि बोगद्याच्या मालकावर ठेवतो."

"पण वाचताच येत नाही, तर जागा कशी कळली?"

"वायुवेगला तू कसकसल्या परवानग्या दिल्यास, बघू."

जुईने फोन उघडला. यादीत लिहिलं होतं: स्थान, कायम. उतरवून घेताना तिने सगळीकडे ‘हो’ दाबलं होतं.

तिने चरावरून बोट फिरवलं. मग सावकाश म्हणाली, "मी कुठे उभी आहे ते त्यांना कळतं. आणि त्याच वेळी मी कासवांच्या संकेतस्थळावर गेले, हेही कळतं. दोन्ही जोडलं की झालं. वाचायची गरजच नाही."

"हा तर्क झाला," चिंबोरी म्हणाली. "आता पुरावा हवा."

प्रयोग जुईनेच आखला. दुसऱ्या दिवशी सकाळी घरटं नसलेल्या दोन जागा तिने निवडल्या. सुरूच्या बनाजवळ ती वायुवेग चालू ठेवून दहा मिनिटं थांबली आणि केंद्राचं संकेतस्थळ उघडलं. मग वायुवेग काढून टाकलं, त्याबरोबर त्याची स्थानाची परवानगीही गेली, आणि खडकाजवळच्या दुसऱ्या जागी केंद्राच्या व्हीपीएनवरून नेमकं तेच केलं. जागा सोडली तर बदल फक्त वायुवेगचा, म्हणजे फरक कशामुळे पडला याबद्दल शंका नको. मॅडमनी वनखात्याला कळवलं. चिंबोरी सुरूच्या बनाजवळ वाळूत शिरली आणि फक्त डोळे वर ठेवून बसली.

तिसऱ्या दिवशी उजाडताना दोन माणसं फावडं घेऊन आली. खडकाकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही. थेट बनाजवळ येऊन ती खणू लागली, आणि हातभर खोल गेल्यावर त्यांच्या फावड्याखालून चिंबोरी उठली. फावडं तिथेच टाकून दोघे पळाले ते सरळ वनरक्षकांच्या पुढ्यात. त्यांच्या फोनवर एक नकाशा होता. वायुवेगने विकलेल्या माहितीतून कुणीतरी तयार केलेला, त्यावर जुईच्या थांब्यांचे ठिपके. आपण कुणाच्या मागावर चाललोय हे त्यांना माहीत नव्हतं, जुईचं नावही माहीत नव्हतं. ठिपके पुरेसे होते.

त्या संध्याकाळी जुईने सगळ्या मुलांना स्वतःच सांगितलं. "घरटी माझ्यामुळे गेली. मी मुद्दाम केलं नाही, पण न वाचता ‘हो’ म्हटलं." मग एका मुलाने आपला फोन पुढे केला. "माझ्यात काय काय आहे, बघतेस?"

केंद्राचा व्हीपीएन इतका हळू का, हा प्रश्न उरलाच होता. जुईने त्याची सेटिंग्ज उघडली आणि तिला हसू आलं. आधीच्या हंगामातल्या एका परदेशी पाहुण्या संशोधकाने त्यात स्वतःच्या देशातला सर्व्हर निवडला होता, आणि तोच सगळ्यांच्या फोनवर उतरला होता. खारशेतहून निघालेला फोटो अर्ध्या पृथ्वीला वळसा घालून शेजारच्या तालुक्यातल्या, केंद्राचं संकेतस्थळ चालवणाऱ्या संगणकात पोचत होता. तिने मुंबईचा सर्व्हर निवडला. फोटो वायुवेगच्या तोडीने चढला.

"म्हणजे वेगासाठी मी गुपित देऊन टाकलं, आणि वेग तर इथेच होता," ती म्हणाली.

"अंतर जितकं कमी आणि सर्व्हरवर गर्दी जितकी कमी, तितका वेग जास्त," मॅडम म्हणाल्या. "दरवेळी एक देऊनच दुसरं मिळतं असं नाही."

पंधरा दिवसांनी जुईला मच्छीमार सोसायटीचं बोलावणं आलं. मासळी कुठे लागते हे प्रत्येक नाखवा जिवापाड जपतो, आणि आता बोटींवर नेट आलं होतं. त्यांना व्हीपीएन घ्यायचा होता. जुई सोसायटीच्या कचेरीत गेली, तर समोरच्या बाकावर तिचे बाबाही बसलेले.

"वेगवान कुठला, तेवढं सांग पोरी," अध्यक्ष दामूनाना म्हणाले.

"ते शेवटी सांगते, नाना. आधी सांगा, व्हीपीएन देणाऱ्या कंपनीचं पोट कशावर भरतं? तुमच्या वर्गणीवर, की तुमच्या माहितीवर?"

जुईने एकेक सेवेची कागदपत्रं वाचायला घेतली. मालक कोण, पत्ता कुठला? ग्राहक कुठे कुठे गेला याची नोंदवही ठेवतात का? ठेवत नाही म्हणतात, तर बाहेरच्या तपासनिसाने ते तपासलंय का? बोगदा मध्येच तुटला तर नेट आपोआप थांबवणारा खटका आहे का? एका कंपनीने पहिल्या पानावर ‘नोंदी ठेवत नाही’ असं लिहिलं होतं आणि चौदाव्या पानावर ‘काही नोंदी भागीदारांना देऊ’ असं. जुईने ते मोठ्याने वाचून दाखवलं आणि तो कागद बाजूला ठेवला.

शेवटी दोन सेवा उरल्या. दोन्ही तिने जेट्टीवर नेऊन, जवळचा सर्व्हर निवडून तपासल्या. जी वेगवान निघाली, तिचं नाव तिने नानांना लिहून दिलं. खाली एक ओळ घातली: दरवर्षी पुन्हा तपासावी, मालक बदलतात.

"विश्वास ठेवायचा, तो पण तारीख घालून?" बाबांनी विचारलं.

"हो," जुई म्हणाली. "जाळंसुद्धा तुम्ही दर हंगामात उलगडून बघताच ना, बाबा."

दामूनानांनी तो कागद घडी न घालता फलकावर लावला आणि पुढच्या गावच्या सोसायटीला फोन करायला घेतला.