माझ्या फोनवर बकऱ्या

न्येरीच्या बाजारात फोन दुरुस्तीच्या दुकानाबाहेर एकच बाक होता. आमच्याकडची जुलैतली थंडी, अंगाला चिकटणारी भुरभुर... आणि मी शाल गुंडाळून बसलेली. गुडघ्याचं मलम शोधावं, तर फोनवर आधी नुसत्या जाहिराती!

"मामा वांगारी, फोन ठीक आहे तुमचा," शेजारून आवाज आला. "फुकटचं सर्च इंजिन वापरता ना? जाहिरातवाले त्याला पैसे देतात, मग ते त्यांचंच आधी दाखवणार. मी दर महिन्याला पैसे भरतो. एक जाहिरात नाही!"

गिथाइगा मास्तर. माझ्या मुलीला, वांगारीला, भूगोल शिकवलेले; आमच्याकडे 'मामा' म्हणजे आई, म्हणून मी मामा वांगारी. गाव अजून त्यांना म्वालिमू, म्हणजे गुरुजी, म्हणतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. माझेही हे नव्हते.

"शोधायचे पैसे?" मी हसले. "म्वालिमू, तरुणपणी मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये चौकशीला होते. लोक नाव सांगायचे, मी नंबर. 'माझं दुकान आधी सांग' म्हणून कुणी मला साधा चहा पाजला नाही!"

"मग मी पाजतो," ते म्हणाले.

तिथून दर गुरुवारी चहा. चष्मा नाकावर ओढून ते माझा फोन घ्यायचे, एकच गोष्ट दोन्हीकडे शोधून दाखवायचे. फोन परत देताना बोटांना बोटं लागायची... आणि मी काय पाहिलं तेच विसरायचे. पैसे भरावेत की जाहिराती सोसाव्यात, ठरेचना. ठरलं तर गुरुवार संपतील की काय, ही धास्ती. ते माझ्यासाठी येत होते, की शिकवायची हौस म्हणून?

त्यात मोम्बासाहून वांगारीचा फोन. "आई, रविवारपर्यंत सांग. ये माझ्याकडे, घर भाड्यानं देऊ."

मी म्वालिमूंना हे सांगितलं. त्यांनी 'राहा' असा एक शब्द काढला असता, तर मी हलले नसते. पण ते सर्च इंजिनवरच बोलत राहिले.

आणि शुक्रवारी माझ्या फोनवर बकऱ्या आल्या! धष्टपुष्ट बकऱ्या, मांडव, वऱ्हाडातल्या वडीलधाऱ्यांचे कोट. फुकटच्या फोनवर जे शोधावं, त्याच्याच जाहिराती मागे लागतात; मी तर बकरी शोधली नव्हती. आमच्यात मुलीला मागणी घालतानाच इतक्या बकऱ्या द्याव्या लागतात. माझ्या फोनला हात लावणारे एकच. म्हणजे म्वालिमू लग्न करतायत... पण कुणाशी? चर्चमधल्या त्या गाणाऱ्या मामा गाकीशी? तिचा आवाज गोड आहे खरा.

गुरुवारपर्यंत धीर निघेना, शनिवारीच मी त्यांना चहाच्या दुकानात बोलावलं आणि बसायच्या आधीच म्हणाले, "अभिनंदन, म्वालिमू. मिळाल्या का बकऱ्या?"

त्यांचा चहा बशीत सांडला. "दिसल्या तुम्हाला?"

"दिसणार नाहीत तर काय! स्वतःच्या फोनवर शोधायचं होतं. तिथे जाहिराती नसतात ना?"

"नसतात... म्हणून तर." ते कपाशी बोलत होते. "तिथे शोधलं असतं, तर कुणालाच कळलं नसतं. जन्मभर वर्गात बोललो, पण हे काही तोंडातून निघेना. म्हटलं, जाहिराती सांगतील."

"कुणाला?"

"न्यागुथी..."

मामा वांगारी नाही. न्यागुथी! माझे हे गेल्यानंतर माझ्या स्वतःच्या नावानं मला कुणी हाक मारली नव्हती. बाहेर भुरभुर चालू होती, आणि माझे कान तापलेले.

"मोम्बासाला जाऊ नकोस," ते म्हणाले. "आणि हवं तर... तुझ्या फोनवरही ते पैसेवालं घेऊ या."

"आधी बकऱ्या घ्या," मी म्हणाले. "मागणी माझ्या भावाकडे घालायची, तो कारातिनाला असतो. हडकुळी बकरी दिसली, तर फाटकातूनच परत धाडतो तो. एकटे जाऊ नका, वडीलधारी माणसं न्या."

त्यांनी मान वर केली. मला तर त्यांच्याकडे बघवेना, म्हणून मी तिथेच वांगारीला फोन लावला.

"पोरी, मी येत नाहीये... तूच ये. आणि येताना चांगला ड्रेस आण."