वाळिंबे सरांचं नवं उत्तर

गणपतीतल्या व्याख्यानमालेसाठी कारवंड्याचा घाट चढून आता कोणी वक्ता येत नसे. शाळेच्या भिंतीवर जुनं चित्रमुद्रित व्याख्यान दाखवायचे, आणि ते कोणतं हे गावातल्याच कुणीतरी सुचवायचं. यंदा तो मान शाळेत शिकवणाऱ्या हेमांगीचा होता. तिनं डोळे झाकून भूशास्त्राच्या वाळिंबे सरांचं व्याख्यान सुचवलं. सर जाऊन बरीच वर्षं झाली होती.

या वर्षी 'उत्तरवाणी'ची सोय नवी होती. वक्त्याची सगळी भाषणं ऐकून यंत्र त्याची बोलायची धाटणी उचलायचं आणि श्रोत्यांच्या ताज्या चिठ्ठ्यांना त्याच्याच आवाजात उत्तरं द्यायचं. पहिल्या उत्तरालाच टाळ्या पडल्या. त्यात हेमांगीचीही टाळी होती.

दुसरी चिठ्ठी तिच्या वडिलांची होती. तात्या गणेश मंडळाचे अध्यक्ष, त्यांनी ती स्वतःच वाचली.

"सर, आठ दिस पाऊस थांबला न्हाई. आमच्या वस्तीमागं डोंगराला भेग पडलीय, झऱ्याला गढूळ पानी येतंय. वस्ती सोडावी का?"

भिंतीवरचे सर हसले. "घाबरू नका, तात्या. माती भिजली की अशा वरवरच्या भेगा पडतातच. खुशाल घरी जाऊन झोपा."

सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. हेमांगीला मात्र हे पटलं नाही. मूळ व्याख्यानातही अशाच भेगेबद्दल एक चिठ्ठी होती. तेव्हा सरांनी चष्मा काढला होता, बराच वेळ ते गप्प बसले होते, आणि मग म्हणाले होते, "मला ठाऊक नाही. उद्या येऊन बघतो." या एका वाक्यासाठी तर ते व्याख्यान तिचं लाडकं होतं. ते तोंडपाठ होतं, म्हणूनच तिनं नवी आवृत्ती उघडूनसुद्धा पाहिली नव्हती.

तिनं घाईघाईनं यंत्रात ती जागा शोधली. नव्हतीच. लोकांना ठाम उत्तर आवडतं, अडखळणं आवडत नाही, एवढं यंत्र शिकलं होतं. सरांचं गप्प बसणं त्यानं केराबरोबर झाडून टाकलं होतं.

"आज कुणी वस्तीवर जाऊ नका," ती उठून म्हणाली. "सगळे इथं शाळेतच राहा."

"सर म्हनत्यात न्हवं, भ्यायचं कारन न्हाई?" तात्या म्हणाले.

"ते सर नाहीत, तात्या."

"मग बोलावलंस कशाला? शिफारस तर तुझीच!"

लोक हसले. तिचे डोळे भरून आले.

"बरं, तू भेग बघितलीस नव्हं?" तिच्या चुलत्यानं विचारलं. "मग सांग, डोंगर खाली यील का?"

"मला ठाऊक नाही."

"घ्या! सरांना ठाऊक हाय, हिला न्हाई!"

पुन्हा हशा पिकला. तात्या मात्र हसले नाहीत. मूळ व्याख्यानातली ती भेगेची चिठ्ठी त्यांनीच लिहिली होती. दुसऱ्या दिवशी सर खरंच आले होते, चिखल तुडवत वर चढले होते, आणि त्यांच्या सांगण्यावरून तेव्हाची वस्ती दरड कोसळण्याआधी हलली म्हणून हेमांगी आज उभी होती.

तात्या भिंतीकडे वळले. "सर, उद्या यून बघता का?"

"बघायची काही गरज नाही, तात्या. मी सांगितलंय ना."

तात्यांचा चेहरा उतरला. "उचलली जीभ अन् लावली टाळ्याला, असं सर कधी बोलायचे न्हाईत," ते हळूच म्हणाले. मग आवाज चढवून ओरडले, "पोरांनो, वस्तीवरची म्हातारीकोतारी हिकडं आना! गुरं सोडा!"

शाळा धावपळीनं भरून गेली. हेमांगी यंत्र बंद करायला गेली तेव्हा पडद्याच्या कोपऱ्यात तिला स्वतःचं नाव दिसलं. यंत्रानं तिची शिफारस इतर गावांनाही पाठवली होती, आणि ती सगळ्यांना पसंत पडली होती. खोऱ्यातल्या कितीतरी गावांत या क्षणी हेच व्याख्यान चालू होतं.

तिनं खालच्या गावातल्या मास्तरांना फोन लावला. बंद. पलीकडच्या गावातला लावला. तोही बंद. व्याख्यान चालू असताना फोन बंद ठेवायचे, ही शिस्त खोऱ्याला सरांनीच लावली होती.

ती एकेक नंबर पुन्हा लावत राहिली. बाहेर पाऊस वाढला होता. त्या गावांतही कुणीतरी भेगेची चिठ्ठी लिहिली असेल, आणि सरांनी हसून उत्तर दिलं असेल. पण तुम्ही येऊन बघता का, असं त्यांना तिथं कोण विचारणार होतं?