मनगटावरचा पिवळा दिवा

कौसल्या धायगुडेनं मनगटावरच्या पिवळ्या दिव्यावर चक्क टिकली चिकटवली होती. दिवा झाकला गेला, पण ती चालवायची ती रुग्णवाहिका काही फसली नाही. ती सुरूच होईना. म्हणून कौसल्येला डॉक्टर नचिकेत ओगल्यांच्या बंगल्यावर यावं लागलं. असे दिवे तपासायची प्रयोगशाळा तिथेच होती. ती आली तीच भांडायच्या तयारीनं.

"आधी ती टिकली काढा," ओगले हसत म्हणाले.

"राहू द्या. शोभतेय."

पूर्वी हे दिवे फक्त गाड्यांत असत. इंजिनात जागोजागी सेन्सर बसवलेले. ते उष्णता, हवा, धूर मोजत आणि आकडे गाडीतल्या छोट्या संगणकाला कळवत. आकडा ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, पुढच्या फेरीतही गेला, की संगणक बिघाडाचा क्रमांक, म्हणजे दोषांक, नोंदवी आणि दिवा लावी. मग कुणा शहाण्याच्या डोक्यात आलं, चालवणारा माणूस हाही गाडीचाच भाग, त्याला का सोडा? आता प्रत्येक चालकाच्या कातडीखाली तसंच मोजमाप करणारी चिप आहे; तिचा दिवा लागला की गाडी सुरूच होत नाही. चालकांना कुणी विचारलं? छे!

"तुमचा दोषांक हृदयाचा आहे," ओगल्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "खिंडीच्या वळणावर ठोके एकदम चढतात. दर फेरीला."

"माझं हृदय ठणठणीत आहे."

"असेलही. दोषांक फक्त आकडा बिघडल्याचं सांगतो, का बिघडला ते नाही. त्यासाठी क्षणठसा बघायचा."

दोषांक नोंदला गेला त्या क्षणाचे बाकीचे सगळे आकडे चिप गोठवून ठेवते, तो क्षणठसा. गाडीत त्यात वेग नि उष्णता असते. माणसात त्याची मुळं थेट आठवणीत जातात.

तो क्षण कौसल्येला ठाऊक होता. धाकटा भाऊ संपत मागे स्ट्रेचरवर होता आणि गाडी तीच चालवत होती. वळणावर तो म्हणाला, "अक्के, हळू की गं! मी काय पळून चाललोय?" तिला हसू आलं. वळण संपलं तेव्हा तो गेलेला होता.

"पुसून टाकू," ओगले म्हणाले. "दिवा विझेल, उद्यापासून गाडी चालवा. मात्र दोषांकाबरोबर क्षणठसाही जातो. ते बोलणं, ते हसू, काही उरणार नाही. दुखणारही नाही."

"आणि नाही पुसलं तर?"

"परवाना रद्द."

गाडीशिवाय तिला दुसरं काही येत नव्हतं, आणि घाटापलीकडच्या गावांना दुसरी गाडी नव्हती.

"तुमच्या चिपेला माझा भाऊ बिघाड वाटतो होय?" ती उसळली. "परवाना घ्या. संपत नाही देणार."

"हट्ट करू नका, बाई. पहिली चिप मी स्वतःलाच बसवली. एकदा पुसूनही घेतलं. बघा, दिवा बंद. काही बिघडलं का माझं?"

"काय पुसलंत?"

"ते कसं आठवणार?"

ती तरातरा निघाली आणि दाराशी थबकली. चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा होत्या, लहान मुलाची उंची मोजून मारतात तशा, एकीवर एक. कमरेपर्यंत येऊन थांबल्या होत्या.

"या कुणाच्या?"

"आधी राहणाऱ्यांच्या असतील."

"घर बांधलं कुणी?"

"मीच," ओगले म्हणाले आणि रेघांकडे बघू लागले.

कौसल्येला भडभडून आलं, या माणसासाठीच. तिनं टिकली उपटून कपाळाला लावली आणि दिवा तसाच उघडा ठेवून पायऱ्या उतरली.

आत ओगल्यांनी सगळ्यात वरच्या रेघेवर बोट टेकवलं. पडद्यावर त्यांचे ठोके मर्यादेतच होते.