दारसोबत

मनगटावर भयमापकाचा पट्टा बांधून डॉ. मंदाकिनी टिपणीस आपल्या प्रयोगशाळेत बसल्या होत्या आणि घाबरायचं नाही, असं स्वतःला बजावत होत्या. समोरच्या पडद्यावर आकडा होता चौऱ्याऐंशी. साठच्या वर गेलं की पट्ट्यावरचा दिवा लाल होई, आणि आज तो सकाळपासून लालच होता. यंत्र त्यांनी स्वतःच बनवलेलं. त्यामुळे त्याला नावं ठेवायचीही सोय नव्हती.

"उतरला का?" आत येत ॲडव्होकेट अन्वर मुकादमांनी विचारलं. मुकादम नागरिक मंचाचे अध्यक्ष आणि उद्याच्या खटल्यात आरोपीचे वकील.

"चढला. काल माझ्या खोलीतला हवेचा पंखा थांबला होता. जेमतेम मिनिटभर. मग आपोआप सुरू झाला."

मुकादमांनी वर फिरणाऱ्या पंख्याकडे पाहिलं. चंद्राच्या दक्षिण ध्रुवावरच्या या उजेडवाडी वसाहतीत हवा आपोआप थांबत नाही आणि आपोआप सुरूही होत नाही, हे शाळेतल्या पोरांनाही ठाऊक होतं. हवा वायुखात्याच्या हातात होती आणि वायुखातं वायुप्रमुख रणदिव्यांच्या.

प्रशासकाची राजवट संपून उजेडवाडीला स्वतःची सनद मिळाली होती. लोकांनी निवडलेली सभा अजून यायची होती, पण न्यायालय आलं होतं. प्रशासकाच्या काळात माणसाला विरळ हवेच्या कोठडीत बसवून पाहिजे तो जबाब काढून घेत. ते पुन्हा होऊ नये म्हणून मंचानं सनदेत हट्टानं एक कलम घालून घेतलं: न्यायालयात भीतीपोटी केलेलं कोणतंही विधान ग्राह्य धरलं जाणार नाही. मग भीती मोजायची कशी? त्याचं उत्तर मंदाकिनीबाईंनी शोधलं. त्या दिवशी मंचाच्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेऊन नाचायचंच काय ते बाकी ठेवलं होतं.

"डॉक्टर, तुम्ही तर खरं सांगणार आहात," मुकादम म्हणाले. "तुमच्या यंत्राला एवढंही कळू नये?"

"नाही कळत. मेंदूत खोलवर बदामाएवढा एक भाग असतो, भीती तिथून उठते. मग घाम सुटतो, नाडी पळते, कातडीतली वीज बदलते. पट्टा ते मोजतो. भीती किती, एवढंच त्याला समजतं. कशाची, ते नाही. खोटं बोलायला लावलंय म्हणून घाबरलेला माणूस आणि खरं बोललो तर जीव जाईल म्हणून घाबरलेला माणूस, दोघांचा आकडा एकच येतो."

"एखादी गोळी घेऊन?"

"तीही पकडतो. प्रशासकाचे लोक गोळ्या चारून जबाब घ्यायचे, म्हणून ती तजवीज मीच केली."

मुकादम मटकन खुर्चीत बसले. "म्हणजे रणदिव्याला साक्षीदार फोडायचीसुद्धा गरज नाही. नुसता दम भरला की पुरे. पुढचं काम आपलंच कलम करून देतं."

"आणि त्याला स्वतःला कुणाचं भय नाही. म्हणून त्याचा शब्द दर वेळी ग्राह्य."

सनद आल्यापासून वायुखात्याविरुद्धचे सगळे खटले असेच कोसळले होते. कलम बदलता आलं असतं, पण त्यासाठी निवडलेली सभा लागते. ती सभा मागायला खालच्या पाड्यातले लोक एका दालनात जमले, तेव्हा तिथली हवा मध्येच तुटली आणि तीन माणसं तडफडून मेली. झडपेवर पाळी शकुंतला ओव्हाळ हिची होती, म्हणून आरोप तिच्यावर आला. प्रत्यक्षात रणदिव्यांनी तिला भांडारात पिटाळलं होतं आणि झडप स्वतःच्या हातानं फिरवली होती. पलीकडच्या कपाटामागे मंदाकिनीबाई एक संवेदक दुरुस्त करत होत्या. त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. दुसरं कुणीच पाहिलं नव्हतं.

हवा तोडणाऱ्याला जुन्या कायद्यात एकच शिक्षा होती: हवाबंद पोशाखाविना वसाहतीच्या दाराबाहेर. शकुंतला एकतीस वर्षांची होती. तिचा विचार मनात आला आणि मंदाकिनीबाईंचा आकडा शहाऐंशीवर गेला.

"एक करून बघू," मुकादम म्हणाले. "दारसोबत."

मंदाकिनीबाईंनी मान वर केली. वसाहतीच्या पहिल्या दिवसांपासूनची ती रीत होती. कुणीही बाहेरच्या निर्वात पोकळीत निघालं की आतल्या दाराच्या काचेशी दुसऱ्यानं उभं राहायचं. बसायचं नाही, बोलायचं नाही. गेलेलं माणूस परत येईपर्यंत त्याच्यावरून नजर काढायची नाही. उभ्या वैऱ्यालासुद्धा दारसोबत नाकारायची नाही, असा दंडक होता.

"कोर्टात साक्षीला कुणी येत नाही, प्रेक्षकांचे बाक तर ओस पडलेत," मुकादम सांगत होते. "पण मी घरोघर जाऊन म्हणेन, डॉक्टर उद्या दाराबाहेर चालल्यात. मग कोण नाही म्हणतो ते बघू."

"सोबतीनं भीती कमी होते, हे खरं," मंदाकिनीबाई सावकाश म्हणाल्या. "पण साठच्या खाली? वकीलसाहेब, मला खोटी आशा दाखवू नका."

दुसऱ्या दिवशी त्या न्यायालयात शिरल्या आणि दारातच थबकल्या. बाकांवर कुणी बसलेलं नव्हतं. बाकांच्या मधून, भिंतींना लागून, माणसं उभी होती. पंपावरचे कामगार, भटारखान्यातल्या बाया, झडपा राखणारे, मेलेल्यांच्या घरचे. कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मंदाकिनीबाईंना एकदम भरून आलं.

आरोपीचे साक्षीदार आधी, अशी इथली पद्धत. पट्टा बांधला गेला. सगळ्या नजरा आपल्यावर आहेत हे त्यांना जाणवत होतं, आणि त्या नजरांचा खरोखरच आधार वाटत होता. त्यांनी पाहिलेलं सगळं सांगितलं. झडप, हात, हातातली वायुप्रमुखाची अंगठी. आवाज कापत होता पण थांबला नाही. आकडा ऐंशीवरून खाली आला. सत्तर. सहासष्ट. तिथे अडकला तो अडकलाच. पहिल्या रांगेतल्या रणदिव्यांनी घड्याळाकडे पाहून हलकेच जांभई दिली.

"दिवा लाल आहे," न्यायाधीश गोडघाटे खाली बघत म्हणाले. "साक्ष बाद."

पिंजऱ्यात शकुंतलेनं डोळे मिटून घेतले.  इतकी माणसं आली आणि आपण सहा आकड्यांनी हरलो! जागेवर येऊन बसल्यावर पट्टा सोडायचंही त्यांना सुचलं नाही.

मग दुसरा पट्टा बांधून रणदिवे उभे राहिले. आकडा बावीस. हिरवा दिवा.

"त्या दिवशी मी माझ्या कार्यालयात होतो," त्यांनी नेहमीच्या सुरात सुरुवात केली. "झडपेवर आरोपी एकटीच..."

बोलता बोलता त्यांनी समोर पाहिलं. मंदाकिनीबाईंची साक्ष संपली तरी कुणी गेलं नव्हतं. दारसोबतीला आलेली माणसं, बाहेर कुणीही आहे तोवर, हलत नाहीत; मग तो वैरी का असेना. आता ती सगळी त्यांच्याकडे बघत होती. राग नाही, घोषणा नाही, नुसतं बघणं. रणदिव्यांची नजर एकेका चेहऱ्यावरून फिरली. हा त्यांच्या घराच्या वाहिनीवरचा पंपवाला. ती त्यांच्या शयनगृहाची झडप राखणारी. तो मेलेल्याचा भाऊ, तोही पंपावरच. सगळ्या वसाहतीची हवा त्यांच्या हुकमात होती. त्यांची स्वतःची हवा मात्र या लोकांच्या हातात होती. इतकी वर्षं हा हिशेब त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

"एकटीच... होती," ते म्हणाले. आकडा एकेचाळीस. त्यांनी घसा खाकरला. त्रेपन्न. कपाळावर घामाचे थेंब दिसू लागले.

दिवा लाल झाला.

न्यायाधीश गोडघाट्यांनी बराच वेळ त्या दिव्याकडे पाहिलं. "ही साक्षही बाद," ते अखेर म्हणाले. "पुरावा उरला नाही. आरोपी मुक्त."

शकुंतलेनं हंबरडा फोडला. माणसं तिच्याकडे धावली, मुकादमांनी चष्मा काढून डोळे पुसले. मंदाकिनीबाईही रडत होत्या. मग त्यांचं लक्ष स्वतःच्या मनगटाकडे गेलं आणि रडू आवरलं. रणदिवे खोटं बोलत होते, हे त्यांना ठाऊक होतं. पण ते अक्षर न् अक्षर खरं बोलत असते तरी दिवा लालच झाला असता. यंत्राला कारण कळत नव्हतं. आजही कळलं नव्हतं.

आणि रणदिव्यांवरचा पुरावाही उरला नव्हता. तेही मोकळेच होते. बाहेर जाताना ते मंदाकिनीबाईंपाशी थांबले. चेहऱ्याचा रंग उडालेला होता, पण ओठांवर हसू परतलं होतं.

"यंत्र छान आहे, डॉक्टर," ते हळूच म्हणाले. "कोर्टात उभी करायला माणसं माझ्याकडेही आहेत. खात्यात चारशे."

ते गेल्यावर मुकादम लगबगीनं आले. "काय म्हणत होता?"

मंदाकिनीबाईंच्या पट्ट्यावर आकडा नव्वदच्या पुढे गेला होता. 

"आता आपल्याला सगळ्यांना रोज इथे येऊन उभं राहावं लागेल, वकीलसाहेब," त्या म्हणाल्या. "त्यांच्या माणसांच्या आधी."