आकलन-कक्षाचं दार

आकलन-कक्षाचं दार ना आतून उघडता येई, ना बाहेरून. आतल्या माणसाला समजलं, की ते आपोआप सरकत असे.

लातूरच्या प्रयोगशाळेतल्या त्या काचेच्या खोलीत प्रांजल सकाळपासून बसली होती, आणि आता दुपार कलली होती. डोक्यावर मेंदूतले प्रवाह वाचणारं तंतुजाळ, समोरच्या पडद्यावर सेंद्रिय रसायनशास्त्राचे प्रश्न. तिची उत्तरं एकूण एक बरोबर येत होती. दार मात्र ढिम्म हलत नव्हतं.

"उत्तर बरोबर हाय ना? मग उघडा की दार," काचेबाहेर उभे असलेले वाल्मीक गुट्टे सर म्हणाले. ते तिचे वडील, आणि गावातल्या सर्वांत मोठ्या क्लासचे रसायनाचे शिक्षक. सेंद्रियच्या नावाने बारावीची निम्मी मुलं रडत. सरांनी प्रत्येक अभिक्रियेला एकेक यमक जुळवून ती मुलांकडून घोकून घेतली होती. प्रश्न वाचून व्हायच्या आत उत्तर, ही त्यांची ख्याती.

"उत्तर पाठांतरातून येतंय, सर," यंत्र बनवणाऱ्या डॉ. निलोफर काझी म्हणाल्या. "पाठ केलेली वाट जवळची. ती असली की मेंदू विचाराच्या वाटेला जातच नाही. आणि यंत्र तपासतं ते विचार."

"मग यंत्र बंद करा."

"नवं नीट रुजावं म्हणून आपण तिच्या स्मृतीचे धागे सैल केलेत. समजलं की ते पुन्हा बांधले जातात. मध्येच बंद केलं, किंवा संध्याकाळ उलटली, तर गेल्या दोन वर्षांतलं सगळं पुसलं जाईल. नुसतं रसायन नाही, सगळं."

सरांच्या तोंडचं पाणी पळालं. परीक्षा जवळ आली म्हणून तिला इथे आणायची घाई त्यांनीच केली होती.

आता दार उघडायचं तर तिला पाठ नसलेले प्रश्न शोधायला हवे होते, आणि ते मोजकेच निघाले. पहिल्यालाच प्रांजल अडली. ध्वनिक्षेपकातून आवाज आला, "पप्पा, सांगा की." सरांनी सांगून टाकलं. दुसऱ्यालाही तेच. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. पोरगी घुटमळलेली त्यांना बघवतच नसे.

"तुम्ही सांगितलं की तिला ते पाठ होतं आणि प्रश्न वाया जातो," निलोफर आता चिडल्या होत्या. "आवाज तोडला तर ती घाबरून डोक्यावरचं जाळं ओढून काढेल. तेव्हा बोला, धीर द्या, पण उत्तर देऊ नका. हा शेवटचा प्रश्न आहे."

पडद्यावर चार कार्बनांची साखळी आली. पहिल्या दोघांत दुहेरी बंध, तिसऱ्यावर एक फांदी. यात हायड्रोजन ब्रोमाइड घातलं, तर ब्रोमीन कुठे बसेल?

प्रांजलने प्रश्न पुन्हा पुन्हा वाचला. मग तिचा रडवेला आवाज आला. "पप्पा, मला लै भीती वाटतेय. सांगा ना."

सरांनी ओठ आवळले, मुठी वळल्या. शेवटी राहवलं नाहीच. "दुसऱ्यावर, बाळा. ज्याच्या घरी हायड्रोजन फार, तिथंच हायड्रोजनचा पाहुणचार. ब्रोमीन जातो शेजारी."

शेवटचा प्रश्नही वाया गेला होता. सगळं संपलं होतं.

"पण पप्पा," प्रांजल चाचरत म्हणाली, "मग दुसऱ्या कार्बनवर आधी धनभार येईल ना? शेजारच्या तिसऱ्यावरचा हायड्रोजन आपले इलेक्ट्रॉन घेऊन इकडं सरकला, तर तो धनभार तिसऱ्यावर जाईल. तिथं त्याला तीन कार्बनांचा आधार आहे. मग ब्रोमीन तिसऱ्यावरच बसणार. पप्पा, तुमचं चुकलंय."

दार सरकलं.

"तुम्ही बरोबर सांगितलं असतंत," निलोफर कशाबशा म्हणाल्या, "तर तिने ते पाठ केलं असतं."

सरांनी लेकीला मिठी मारली आणि ते निलोफरसमोरच ढसाढसा रडले. मग डोळे पुसत म्हणाले, "चल घरी. राहिलेले धडे आज मी बसून सांगतो तुला."

"नको पप्पा," प्रांजल म्हणाली. "आता मला काही सांगू नका."

ती मायेनेच बोलली होती. सरांनी मान हलवली. पोरीला द्यायला आजवर त्यांच्याकडे सांगणं तेवढंच होतं.