थांबायला सांगितलेली

तळहात समोर धरायचा, बोटं जुळलेली. पाण्याखाली याचा अर्थ एकच. थांब.

कल्याणजवळच्या मोहन्यातल्या एका घरासमोर मांडव पडलाय. लग्नाचा नाही.

समुद्रातलं कासव माणसाला बघून पळत नाही. सावकाश वळतं, आणि माणूसच त्याच्या मागे जातो.

डोंबिवली पूर्वेच्या एका सोसायटीत लिफ्टसमोरची लादी कितीही पुसली तरी ओली राहते.

"काका, तुम्ही पुढे बसा. मागे मॅडम बसतील," शेअर रिक्षावाला एका म्हाताऱ्या प्रवाशाला म्हणतो.

हे सगळं एकाच माणसाचं आहे. त्याचं नाव सिद्धेश.

ज्यांना ही बनवलेली गोष्ट वाटेल, त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. त्या सोसायटीचा वॉचमन राघो मात्र विचारलं तर अजून सांगतो. गेल्या फेब्रुवारीतली संध्याकाळ होती. दिवेलागणीची वेळ. सिद्धेश ठाण्याच्या ऑफिसातून घरी आला. राघो खुर्चीवरून उठला.

"साहेब, तुमच्या पाहुण्या थांबल्यात."

"कोण पाहुण्या?"

"लिफ्टपाशी. मी म्हटलं, वर जाऊन बसा. तर म्हणतात, त्यांनीच थांबायला सांगितलंय."

सिद्धेश लिफ्टपाशी गेला.

कोणी नव्हतं.

लादी ओली होती...

तो जिन्याच्या पायरीवर टेकला. कारण थांबायला त्याने एकदाच कुणाला तरी सांगितलं होतं. आणि ती जागा इथून फार लांब होती. समुद्राच्या तळाशी.

जानेवारीत तो स्कूबाचा कोर्स करायला एकटाच अंदमानला गेलेला. बेटावर पहिल्याच संध्याकाळी शेजारच्या टेबलावर कोणीतरी मासे बघून मराठीत कुरकुरलं, की यापेक्षा आमच्या खाडीचे बरे. तो प्रितम. भोपर गावचा, नवीन लग्न झालेला, सोबत बायको कृतिका. त्यांच्यापलीकडे एकटी बसलेली एक मुलगी खुदकन हसली. ती कल्पिता, मोहन्याची. एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये नोकरीला. एवढ्या लांब येऊन भेटलं कोण, तर कल्याण-डोंबिवलीची पब्लिक! त्या रात्री चौघं किनाऱ्यावर बसून आपापल्या स्टेशनांना नावं ठेवत राहिले. सिद्धेश इतका मोकळा कित्येक वर्षांत हसला नव्हता.

कोर्समध्ये जोड्या लावतात. पाण्यात जोडीदाराला सोडायचं नाही, हा पहिला नियम. प्रितमला कृतिका. सिद्धेशला कल्पिता. ती शिकवलेलं सगळं अगदी तसंच करायची. प्रितम तिला मॉनिटर म्हणायचा. ती म्हणायची, तुम्ही वाया गेलेले आहात, मी पैसे भरून शिकायला आलेय.

शेवटच्या दिवशी खाली गेल्यावर कृतिकाचा कान दुखायला लागला. गाइड तिला घेऊन वर निघाला. उरलेल्या तिघांना त्याने खुणेने सांगितलं, तुम्हीही या मागोमाग.

तेवढ्यात कासव आलं.

प्रितम कॅमेरा घेऊन त्याच्या मागे गेला. सिद्धेशलाही त्या व्हिडिओत यायचं होतं. कल्पिता तेवढी भराभर पोहायची नाही. तळाशी एक जुना, गंजलेला नांगर पडला होता. सिद्धेशने त्याच्याकडे बोट दाखवलं. मग तळहात समोर धरला.

थांब.

तिने नांगर धरला. ठीक आहे, अशी खूण केली.

कासव लांब गेलं. परतीचा रस्ता काही सापडेना. ते दोघं तिथूनच सरळ वर आले आणि पोहत बोटीवर गेले. बोट पुढच्या जागी निघाली. कल्पिता बोटीवर नाही, हे बऱ्याच वेळाने कळलं.

नियम सांगतो, जोडीदार हरवला तर थोडं शोधायचं आणि वर यायचं. पण कल्पिताचा जोडीदार हरवला नव्हता. तो थांब म्हणून गेला होता.

ती सापडली तेव्हा टाकीतली हवा संपलेली होती. हात अजून नांगरावरच होता.

पोलिसांना दोघांनी सांगितलं, आम्हाला कळलंच नाही ती कुठे राहिली.

...

राघोने सांगितलं त्यानंतर हे वाढत गेलं.

शेअर रिक्षात सिद्धेश बसला की ड्रायव्हर निघायचाच नाही. आरशात बघून म्हणायचा, मॅडमना येऊ द्या की, घाई काय आहे. ऑफिसात शिपाई सांगायचा, बाहेर कोणीतरी उभंय, बसायला दिलं तर बसत नाही. केस ओले आहेत.

सिद्धेश बाहेर जायचा.

कोणी नसायचं.

सगळ्यांना ती दिसत होती. फक्त त्याला नाही...

त्याची आई रमाबाई दार उघडल्यावर ते तसंच धरून ठेवायला लागली. तो म्हणायचा, लाव ना. ती जिन्याकडे बघत म्हणायची, "अरे, मागून कोणी येतंय ना? तोंडावर कसं लावू?"

त्याने प्रितमला फोन लावला. प्रितम म्हणाला, "मला काय दिसत नाय रं. झाला तो झाला. तू जरा झोप काढ." नंतर त्याने फोन उचलणं सोडलं.

मग मोहन्याहून फोन आला. कल्पिताची बहीण जागृती. रविवारी ताईचं पुण्यानुमोदन आहे, आदरांजलीचा कार्यक्रम. आई म्हणतेय, तुम्ही याच.

मांडवात बुद्ध-बाबासाहेबांच्या प्रतिमा, शेजारी कल्पिताचा हार घातलेला फोटो, समोर मेणबत्त्या. सगळे पांढऱ्या कपड्यांत. वंदना झाली. मग रिवाजाप्रमाणे एकेक जण माइकवर येऊन तिच्याविषयी बोलायला लागला. कल्पिताचे मामा बोलले ते आदरांजली कमी आणि बोलणी जास्त होती. पोरीला एकटं पाठवायलाच नको होतं. आगाऊपणा नडला. बायका खाली मान घालून ऐकत होत्या.

कल्पिताची आई, सखुबाई, सिद्धेशजवळ येऊन बसली. तिने त्याचा हात हातात घेतला.

"बाळा, सगळे म्हणतात तिने कोणाचं ऐकलं नाही. तू होतास ना तिथे? तू एवढंच सांग सगळ्यांना. माझी पोरगी सांगितलेलं ऐकत होती ना?"

बौद्धाचार्यांनी त्याचं नाव पुकारलं. तो उठला. माइक हातात आला. समोर अख्खी गल्ली. मामा हाताची घडी घालून बघत होते.

बौद्धाचार्य मध्येच मागे बघून म्हणाले, "त्या दाराशी थांबलेल्या ताईंना आत येऊ द्या."

लोकांनी वाट करून दिली.

वाट रिकामीच राहिली...

खरं एका वाक्यात मावणारं होतं. ते जिभेवर आलंही होतं. मग त्याने मामांकडे पाहिलं, गल्लीकडे पाहिलं, आणि स्वतःचाच आवाज त्याला स्पीकरमधून ऐकू आला.

"मी तिला थांब म्हटलं होतं. ती थांबली नाही. पुढे गेली."

सखुबाई रडली नाही. तिने फक्त मान हलवली, जणू कोणी पत्ता चुकीचा सांगितला आणि तिने तो ऐकून घेतला. जागृतीने खिरीची वाटी त्याच्यापुढे ठेवली आणि निघून गेली.

परतताना रिक्षावाला कोणासाठी थांबला नाही. लगेच निघाला.

कोणी कोणाची वाट बघितली नाही. सिद्धेशने कितीतरी दिवसांनी मोठा श्वास घेतला. त्याला स्वतःची लाज वाटली, पण हलकंही वाटलं.

सोसायटीच्या गेटात राघो होता. सिद्धेशने स्वतःहून विचारलं, "कोणी थांबलंय का?"

"नाही साहेब," राघो म्हणाला. "त्या मघाशीच पुढे गेल्या."

लिफ्ट आधीच त्याच्या मजल्यावर होती.

तो जिन्याने चढला. प्रत्येक पायरी ओली. घराचं दार सताड उघडं. आई स्वयंपाकघरात चहा टाकत होती.

"किती उशीर केलास," ती म्हणाली. "ती कधीची येऊन तुझ्या खोलीत बसलीय. गुणाची आहे हो. जे सांगाल ते ऐकते."

खोलीचं दार लोटलेलं होतं. आत कोणीतरी सावकाश श्वास घेत होतं. नळीतून घेतात तसा... मग बुडबुडे.

सिद्धेश आत गेला नाही. अजून गेलेला नाही. तो हॉलमध्ये झोपतो. संध्याकाळी ऑफिसातून आला की आधी खाली बाकावर बसून राहतो. राघो म्हणतो, वर जा ना साहेब. तो म्हणतो, थांबतो जरा.

मोहन्याला जाऊन खरं सांगायचं, हे तो रोज ठरवतो.

त्या दिवशी बोट सुटायच्या आधी गाइडने विचारलं होतं, सगळे आले का. हो म्हणणारा सिद्धेश होता.